दस्तरखान उचलल्यावर काय खेळायचं?

गेल्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या फोनवरून दोन हजार आठशे रुपये गेले. एकदम नाही. कधी ८९, कधी १५९, कधी ३९९. बँकेचे मेसेज मी पाहिलेच नव्हते, कारण संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आणि फोन धाकट्याच्या हातात असायचा. विचारलं तेव्हा तो आधी "मला माहीत नाही" म्हणाला, मग रडायला लागला. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण बारा वर्षांच्या मुलाने डोळ्यांत बघून खोटं बोलावं, हे जास्त लागलं.

पैसे गेले होते एका खेळातल्या 'पेट्यां'वर. पेटी विकत घ्यायची, उघडायची, आत नशिबात असेल ते निघणार. कधी तलवार, कधी नुसता रंगीत सदरा. माझे सासरे, म्हणजे मुलांचे दादाअब्बा, यांनी सगळी उमर बोटीवर नोकरी केली. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "पैसे आधी, माल नंतर, आणि माल काय ते ठाऊक नाही. बंदरावर आम्ही याला जुगारच म्हणायचो." बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही गाजलेल्या खेळांतल्या अशा पेट्या तपासून हेच म्हटलं होतं. आमच्याकडे निकाल चहा संपायच्या आत लागला.

फोन काढून घेणं सोपं होतं. पण पुढे मे महिन्याची सुट्टी होती आणि घरात एक रिकामा मुलगा. मोठीने सुचवलं, खेळ बंद करण्यापेक्षा खेळ बदलू या. तिच्या कॉलेजच्या लॅपटॉपला टीव्हीची केबल जोडली, दोन कंट्रोलर आणले आणि दोन अटी घातल्या. पैसे एकदाच द्यायचे, खेळाच्या आत दुकान नको. आणि शक्यतो दोघांना शेजारी बसून खेळता आलं पाहिजे. सवलत चालू असताना तीन खेळ घेतले. तिघांचे मिळून त्या पेट्यांपेक्षा कमीच पैसे लागले.

पहिला खेळ 'शव्हल नाइट'. हा २०१४ चा, पण पाहताक्षणी मला माझं लहानपण आठवलं. मामूंनी कुवेतहून आणलेला टीव्ही गेम आमच्या मोहल्ल्यात पहिला होता. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा घालायची. मारियो, काँट्रा, बदकं मारायची बंदूक. ती यंत्रं म्हणजे १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या, हे फार पुढे कळलं. त्या यंत्राची ताकद इतकी थोडी होती की पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत आठांहून जास्त हलत्या आकृत्या आल्या की जादा आकृत्या दिसेनाशा व्हायच्या. गर्दी झाली की चित्र लुकलुकायचं ते यामुळे. आम्ही मात्र टीव्हीला थापट्या मारायचो.

'शव्हल नाइट'ने त्या काळाचे जाडेभरडे ठिपके, मोजके रंग आणि टिणटिणतं संगीत ठेवलं आहे, लुकलुक काढून टाकली आहे. नायक निळ्या चिलखतातला, हातात फावडं. फावड्याने जमीन उकरायची आणि त्याच फावड्यावर उड्या मारत शत्रूंच्या डोक्यावरून जायचं. मला सर्वांत आवडली ती हरण्याची रीत. मेलात की कमावलेल्या खजिन्यातला काही भाग तिथेच थैल्या होऊन हवेत तरंगत राहतो. परत तिथवर पोचलात तर तुमचा, वाटेत पुन्हा मेलात तर गेला. चुकीची किंमत आहे, पण ती सुधारायची एक संधीही आहे, आणि त्यासाठी कुणी ८९ रुपये मागत नाही. दोघांना मिळून खेळता येतो. धाकटा आणि मी खेळलो. मला उडी जमत नाही म्हणून तो चिडायचा, मग शिकवायचा. रमजाननंतर आम्ही दोघं सरळ बोललो ते बहुतेक तिथेच.

दुसरा 'स्टारड्यू व्हॅली', शेतीचा. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चारेक वर्षं एकट्याने बसून तो केला. चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं त्याचंच. १९९६ च्या 'हार्वेस्ट मून' या जपानी खेळावरून त्याला हे सुचलं. २०१६ मध्ये खेळ बाजारात आला आणि तेव्हापासून त्याच्या कोट्यवधी प्रती विकल्या गेल्या. आजोबांची पडीक जमीन वाट्याला येते. दगड वेचायचे, नांगरायचं, पाणी घालायचं, मासे धरायचे, गावातल्या माणसांशी ओळख वाढवायची. टीव्हीचा पडदा दोन भागांत करून भावाबहिणींनी एकच शेत कसलं.

आपल्या घरांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवते. त्या गावात दारूचा गुत्ता आहे, वाळवंटात जुगाराचा अड्डा आहे, शेतावर डुकरं पाळता येतात आणि पिंपात द्राक्षं घालून वाइन करता येते. यातलं काही केलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडे धाकट्यानेच ठरवलं की डुकरं नकोत आणि पिंपात फक्त कॉफी आणि भाज्यांचा रस. बरण्यांमध्ये लोणची-मुरंबे घालून विकले तरी शेत झकास चालतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. खेळातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा असतो आणि शेतकरी झोपला तरच केलेलं काम जतन होतं. म्हणजे मधेच उठ म्हटलं की, "अम्मी, याला झोपू दे, मग उठतो." तो झोपतो, दुसरा दिवस उजाडतो, भोपळा तयार झालेला असतो आणि मुलगा बसलेलाच. हा खेळ पैसे मागत नाही, वेळ मात्र मागतो. आम्ही तीन दिवसांचा करार केला: शेतावरचे तीन दिवस, मग टीव्ही बंद. तो पाळला जातो, फक्त जुम्म्याच्या रात्री थोडा सैल होतो.

आता पटावरचे खेळ. दादाअब्बा फासा हातात धरत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे लुडो कधी आलाच नाही. मोठीच्या मैत्रिणीकडून 'अझूल' आणला, तो एवढ्याचसाठी की त्यात फासा नाही. २०१७ चा खेळ, रचणारे मायकल कीसलिंग जर्मन, २०१८ मध्ये जर्मनीचा 'वर्षातला उत्तम खेळ' हा मान मिळालेला. दोन ते चार जण, पाऊण तास.

त्याचं नाव आणि चित्रं आली आहेत पोर्तुगालच्या रंगीत फरश्यांवरून. त्या फरश्यांना 'अझुलेझु' म्हणतात, आणि हा शब्द मुळात अरबी, 'अझ्‌-झुलैज'. अंदलुसच्या मुसलमान कारागिरांची ही कला. नियमांच्या पुस्तिकेत गोष्ट दिली आहे की पोर्तुगालचा राजा मॅन्युएल पहिला ग्रॅनडाचा अल-हम्रा महाल बघायला गेला आणि तिथल्या भिंतींनी इतका भारावला की आपलाही महाल तसाच सजवायचा हुकूम त्याने दिला. पणजीत जुन्या घरांवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे नामफलक पाहिले असतील, ते याच घराण्यातले.

पाच रंगांच्या वीस-वीस फरश्या एका थैलीत. त्या चार-चार करून गोल तबकड्यांवर मांडायच्या. आपल्या पाळीला एका तबकडीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या उचलायच्या, उरलेल्या मधोमध ढकलायच्या. उचललेल्या आपल्या पाटीवरच्या एकाच ओळीत बसवायच्या. ओळ भरली की एक फरशी भिंतीवर चढते आणि गुण मिळतात. जागेपेक्षा जास्त उचलल्या तर जादा फरश्या 'फुटतात' आणि गुण कापले जातात.

तिसऱ्या डावात दादाअब्बांना यातली खरी मेख सापडली. आपल्याला काय हवं याबरोबर समोरच्याच्या गळ्यात काय पडेल हेही बघायचं. मधोमध पिवळ्या सहा फरश्या साठेपर्यंत ते थांबले आणि माझ्यावर अशी वेळ आणली की दुसरं काही शिल्लकच नाही. एका पाळीत माझे आठ गुण गेले. एरवी माझ्याशी फार अदबीने वागणारा हा माणूस मनापासून हसला.

बाहेरून येणारा खेळ म्हणून 'अझूल' महाग पडतो. उसना आणलेला परत द्यायची वेळ आली तेव्हा धाकट्याने वहीच्या पुठ्ठ्यावर पाट्या आखल्या आणि माझ्या शिवणाच्या डब्यातून पाच रंगांची शंभर बटणं जमवली. हिरवी सतराच निघाली, तीन दादीच्या जुन्या कुडत्याची आहेत. आमचा खेळ आता त्यावरच चालतो.

'टिकिट टू राइड' (२००४) एका नातेवाइकाकडे खेळलो. रंगीत पत्ते जमवून नकाशावर रेल्वेमार्ग टाकायचे. सोपा, मुलांना लगेच समजतो, पाहुणे आल्यावर उत्तम. 'पँडेमिक' (२००८) मध्ये सगळे मिळून साथीच्या रोगांशी लढतात, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. भावाबहिणींची भांडणं फार होत असतील तर हा आणा. आमच्याकडे मात्र मोठीच सगळ्यांना काय करायचं ते सांगू लागली आणि बाकीचे कंटाळले.

तिसरा संगणकाचा खेळ सांगायचा राहिला, 'यूएफओ ५०', २०२४ चा. ऐंशीच्या दशकात एक खेळ-कंपनी होती अशी कल्पना करून त्या कंपनीचे पन्नास खेळ नव्याने रचले आहेत. सगळ्यांना मिळून बत्तीसच रंग. बऱ्याच खेळांत दोघांची सोय आहे. काही गोड, काही कठीण, दोन-चार चक्क कंटाळवाणे, आपल्या जुन्या कॅसेटसारखेच. आधी स्वतः बघून मग मुलांना द्या. यादीतला पहिलाच 'बार्बुटा' इतका रूक्ष की मी पाच मिनिटांत सोडला. नायक सावकाश चालतो, खेळ काहीही समजावून सांगत नाही, सापळे कुठेही.

धाकट्याने सोडलेला नाही. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तो त्याचा नकाशा काढतो आहे. खोली, दार, सापळा, प्रश्नचिन्ह. दादाअब्बांनी काल चष्मा लावून तो पाहिला आणि विचारलं, "उत्तर दिशा कुठे दाखवलीस?" बोटीवरच्या माणसाला दिशेशिवाय नकाशा चालत नाही. आता कोपऱ्यात बाण आला आहे. फोन अजून परत दिलेला नाही. त्याने मागितलाही नाही, कदाचित मागायला लाजत असेल.