छत्री बाहेर, वाय-फाय घरात!

ग्रिलवर डिश आहे, कपाटावर राउटर आहे. मग या दोघांची ओळख करून देताना आपली एवढी दमछाक का होते?

जुलैतला रविवार. कॉटन ग्रीन स्टेशनला उतरून अभ्युदय नगरात आई-बाबांकडे पोचेपर्यंत माझी जीन्स गुडघ्यापर्यंत भिजलेली. दार उघडताच बाबा म्हणाले, 'आलीस? आधी ते टीव्हीचं बघ.' आईची मालिका ऐन रंगात आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल'! 'डबा वाय-फायवाला आहे ना? मग पावसात बंद कसा पडतो?' इति बाबा.

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्यातल्या भल्याभल्यांचा इथेच घोळ होतो. बॉक्सला वाय-फाय जोडलं म्हणजे चॅनेल नेटवरून येतात असं नाही. ते येतात सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून. म्हणून तर आपल्या छत्र्या दक्षिणेकडे, जराशा पूर्वेला मान वळवून बसलेल्या असतात. या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात, विखरून टाकतात. सर उतरली की चित्र परत!

मग वाय-फाय कशाला? तर तो दुसरा रस्ता आहे. आपल्याकडे २००३ मध्ये डिश टीव्ही आला, २००६ मध्ये टाटा स्काय (२०२२ पासून टाटा प्ले). तेव्हा सगळा खेळ छत्रीचाच होता. २०१९ मध्ये एअरटेलचा एक्स्ट्रीम बॉक्स आणि २०२० मध्ये टाटा स्कायचा बिंज प्लस आला. या अँड्रॉइड बॉक्समध्ये एका बाजूने डिशची वायर, दुसऱ्या बाजूने नेट. छत्री रुसली तरी अ‍ॅप चालू. चुकलेला एपिसोड तिथे बघता येतो. काही अ‍ॅपचे पैसे वेगळे पडतात, तेवढं आधी बघून घ्या.

आमच्याकडे नेमका हा दुसरा रस्ताच बंद होता. कारण? अस्मादिक! तीन आठवड्यांपूर्वी मी राउटरचा पासवर्ड बदलला, माझ्या मोबाइलमध्ये टाकला आणि बॉक्सला विसरले. 'फोन का नाही केलात?' मी चिडून विचारलं. आई हळूच म्हणाली, 'तू ऑफिसात असतेस. टीव्हीसाठी कशाला त्रास द्यायचा?'

बाहेरच्या पावसापेक्षा हे वाक्य जास्त लागलं.

मग बसलेच. तुमच्याही घरी हेच करा:

* बॉक्सच्या मागे बघा. काही बॉक्समध्ये वाय-फाय असतं, काहींना फक्त लॅनची वायर चालते, जुन्यांना दोन्ही नाही.
* सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वाय-फाय. पासवर्ड टाकताना कॅपिटल-स्मॉल अक्षरं सांभाळा. रिमोटवर ही खरी परीक्षा!
* नेटवर्क दोन दिसली तर? २.४ गिगाहर्ट्‌झ भिंतीपलीकडे जास्त पोचतं, ५ गिगाहर्ट्‌झ जवळून जास्त वेगात चालतं.
* राउटर मोकळ्यावर ठेवा. आमचा लोखंडी कपाटामागे होता. रात्री त्याचे दिवे डोळ्यांवर येतात म्हणून बाबांनी ढकललेला!
* मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवू नका. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागू शकतात. रोजच्या दीड जीबीत मालिका अर्ध्यावर.

दहा मिनिटांत बॉक्स जोडला गेला. मग मी तो चक्क विसरायला लावला आणि रिमोट बाबांच्या हातात दिला. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदाही. आई हसली. तिसऱ्यांदा 'कनेक्टेड' आलं, तेव्हा बाबांनी चष्मा काढून तो असा पुसला की जणू रॉकेटच सोडलं! पायऱ्या मराठीत मोठ्या अक्षरात लिहिल्या, पासवर्डसकट कागद कॅलेंडरमागे चिकटवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको ना!

पुढच्या आठवड्यात पुन्हा धो-धो. घरून फोन नाही. मलाच राहवलं नाही, रात्री मीच केला. 'टीव्ही चालू आहे ना?'

'छत्री गेली होती. मी नेटवर लावलं,' बाबा म्हणाले. 'आता ठेव, आईला ऐकू येत नाहीये.'