लोकलच्या वाटेवरचे आश्रम

ख्रिस्त सेवा संघ हा ख्रिस्ती आश्रमसंघ पुण्यात आला त्याला 2027 साली शंभर वर्षं होतील. पिंपरीहून मेट्रोनं शिवाजीनगरला उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचा पत्ता ठाऊक असतो.

सुरुवात अँग्लिकनांची. मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1922 साली नगरला संघ काढला आणि 1927 मध्ये तो पुण्यात आणला. पुढं मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले व्हेरिअर एल्विन इथूनच गांधींकडे आणि पुढं गोंडांकडे वळले. 1934 साली विन्स्लो मायदेशी परतले. नंतरच्या तीन-चार दशकांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

खरी गंमत 1972 नंतरची. सेक्रेड हार्ट या कॅथलिक संघाच्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन संघाच्या सिस्टर शिवाजीनगरात एकाच आवारात राहू लागल्या. नाव झालं ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम. आचार्य वंदना माताजी. सोबत शंकराचार्यांवर संशोधन केलेल्या सारा ग्रँट. जमिनीवर मांडी घालून प्रार्थना, समई, आरती, भजन आणि बायबलच्या जोडीनं उपनिषदं. आरती-अंजलीला रोमनं 1969 मध्येच परवानगी दिली होती. मिस्सेत इतर धर्मग्रंथ वाचायला मात्र 1975 साली मनाई केली.

सनातनी कॅथलिकांनी याला ‘हिंदूकरण’ म्हणून नाकं मुरडली. उलट हिंदुत्ववादी लेखक सीताराम गोयल यांनी 1988 मध्ये पुस्तकच लिहून भगव्या कफनीआड धर्मांतर दडल्याचा आरोप केला. दोन्ही बाजूंना पाहुणचार आणि कावा यांत फरक दिसला नाही. दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप मात्र बिनतोड होता: नगरकडच्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांना ज्या ग्रंथांपासून दूर ठेवलं, तेच ‘भारतीय’ म्हणून आता त्यांच्यापुढं कसे ठेवता? त्याला अशा ख्रिस्ती आश्रमांकडे धड उत्तर नव्हतं.

याच काळात ध्यानाची दुसरी एक वाट लोणावळ्याकडे निघाली. 1978 साली पुणे–लोणावळा लोकल धावू लागली. जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांचं ‘साधना’ हे पुस्तक त्याच वर्षीचं. ध्यान शिकवणारी त्यांची संस्थाही पुण्याहून लोणावळ्याला गेली. श्वासाकडे लक्ष द्या, एवढ्या साध्या पाठानं त्यांनी जेझुइटांना बसतं केलं. 1987 मध्ये ते गेले. त्यांच्या लेखनात धोके असल्याचा इशारा रोमनं दिला तो 1998 साली, उत्तर द्यायला ते नसताना.

आज तोच श्वास चाकणच्या व्यवस्थापकांना मुळशीच्या रिसॉर्टात शिकवतात. दोन रात्री, तीन दिवस, बुफेसह. बिल कंपनी भरते, आणि उपनिषद कुणाचं हे तिथं कुणीच विचारत नाही.