तांब्याच्या त्याच तारेतून

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलने ‘ट्रायबँड’ या नावाने ब्रॉडबँड आणलं. डायल-अपवर दिवस काढणाऱ्या घरांना त्यासाठी नवी वायर ओढून घ्यावी लागली नाही. खांबावरून खिडकीपर्यंत आलेली टेलिफोनची तांब्याची जोडतार होती तीच राहिली. त्याच तारेतून डायल-अपला फार तर सेकंदाला ५६ किलोबिट मिळायचे, तेही कागदावर. ऑक्टोबर २००४ च्या सरकारी धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ किलोबिट ठरवली आणि पुढे दोनेक वर्षांत त्याच तारेवर २ मेगाबिटचे प्लॅन आले. मग हा वेग इतकी वर्षं अडला होता कुठे?

तो तारेत अडलाच नव्हता, एक्स्चेंजमध्ये अडला होता. टेलिफोनची सगळी यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी उभी राहिली. बोलणं नीट कळायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, म्हणून त्यापलीकडचं सगळं एक्स्चेंजमधला फिल्टर गाळून टाकत असे. उरलेल्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना ८ बिटमध्ये मांडायचा, म्हणजे झाले ६४ किलोबिट. एका कॉलच्या वाट्याला एवढंच. तार मात्र दहा लाख हर्ट्झपर्यंतच्या लहरी सहज वाहून नेऊ शकत होती. चौपदरी रस्ता आणि नाक्यावर एकच खिडकी उघडी, असा तो प्रकार होता.

डायल-अपचा मोडेम या खिडकीतूनच जाई. संगणकाचे बिट तो ऐकू येणाऱ्या आवाजात बदले, म्हणून तर जोडणी होताना ते किंचाळणं आपल्या कानावर पडायचं. त्या आवाजातला तुकडा न् तुकडा कामाचा होता. पलीकडचा मोडेम फोन उचलून आधी २१०० हर्ट्झचा लांब सूर लावी. लांबच्या कॉलमध्ये प्रतिध्वनी दाबणारी जी उपकरणं वाटेत असत, त्यांना ‘आता बाजूला व्हा’ असं सांगण्यासाठी तो सूर होता. मग दोघे मिळून वेगवेगळे सूर सोडून लाइन तपासत, कुठे क्षीण होते, कुठे खरखरते ते पाहत. शेवटी येणारा फसफसाट अनेकांना बिघाड वाटे. वास्तविक तिथेच काम फत्ते झालेलं असे. मोडेम माहिती मुद्दाम अशी ढवळून पाठवतो की ती कानाला निव्वळ खरखर वाटावी, कारण पट्ट्याचा कोपरान् कोपरा वापरायचा तर संकेत असाच दिसायला हवा. अरुंद जागेत इतकं काही कोंबणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तरीही पाच एमबीचं एक गाणं उतरवायला पाव तास सहज जायचा. तेवढा वेळ फोन एंगेज, मीटर चालू, आणि आतल्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर कुणी उचलला की सगळं मुसळ केरात.

ब्रॉडबँडसाठी आलेल्या एडीएसएल तंत्राने ही खिडकीच टाळली. बोलण्याचा पट्टा तसाच मोकळा ठेवला आणि साधारण २५ ते ११०४ किलोहर्ट्झ हा वरचा रिकामा भाग घेतला. एक्स्चेंजमध्ये तार आवाजाच्या यंत्रणेत शिरण्याआधीच दुभंगते. बोलणं जुन्या वाटेने जातं आणि माहिती ‘डीस्लॅम’ नावाच्या यंत्राकडे वळते. कॉल लागतच नाही, त्यामुळे फोन अडत नाही आणि कॉलचं मीटरही पडत नाही.

घरातलं हे दुभंगण्याचं काम करायची ती काडेपेटीएवढी पांढरी डबी, स्प्लिटर. तिला तीन खाचा: लाइन, फोन, मोडेम. आत मोजकी कॉइल आणि कपॅसिटर. समांतर जोडलेला दुसरा फोन या डबीतून नेला नाही, तर बोलताना सूं सूं ऐकू येई आणि घंटी वाजली की नेट तुटे. नेट वारंवार तुटत असेल, तर सगळ्यात आधी तपासण्याची जागा हीच होती.

वरचा पट्टा एकसंध वापरला जात नाही, हे मला या तंत्रातलं सर्वात सुंदर वाटतं. त्याचे प्रत्येकी ४.३१२५ किलोहर्ट्झचे सुमारे अडीचशे बारीक भाग पाडतात आणि प्रत्येक भागाची स्वतंत्र परीक्षा होते. स्वच्छ भागावर एका वेळी १५ बिटपर्यंत ओझं, खराब भागावर दोन-तीन, अगदीच वाईट असेल तर काहीच नाही. मोडेम सुरू केल्यावर एडीएसएलचा दिवा काही वेळ लुकलुकतो, तेव्हा हेच मोजमाप चाललेलं असतं. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं, म्हणजे या हिशेबात १८४ व्या भागाजवळ. खांबावरून लोंबत आलेली उघडी तार अँटेनासारखी हे प्रक्षेपण पकडू शकते. मग मोडेम तेवढ्याच भागांवरचे बिट कमी करतो आणि बाकीचं काम चालू ठेवतो.

अपलोड डाउनलोडपेक्षा कमी का, ही तक्रार तेव्हाही होती. अमेरिकेतल्या बेलकोर संस्थेच्या जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेला विचार त्यामागे आहे. एका जाड केबलमध्ये शेकडो जोड्या शेजारी शेजारी असतात आणि एकीतला संकेत दुसरीत झिरपतो. दोन्ही दिशांना सारखाच वेग द्यायला गेलं की या झिरपण्याचा त्रास फार वाढतो. एक दिशा लहान ठेवली तर दुसरी खूप मोठी करता येते, आणि घरातला माणूस पाठवतो त्यापेक्षा मागवतोच अधिक.

तांब्याच्या मर्यादा मात्र सुटल्या नाहीत. लहरींची कंपनसंख्या जितकी जास्त तितक्या त्या तारेत लवकर क्षीण होतात. म्हणून एक्स्चेंजजवळच्या घराला मिळणारा वेग चार-पाच किलोमीटरवरच्या घराला मिळत नसे. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनवर बोलणं जेमतेम चालू राही आणि नेट मात्र बसे. अशा वेळी ब्राउझरमध्ये मोडेमचं पान उघडलं, तर तिथे दोन आकडे दिसत: संकेत किती क्षीण झाला तो, आणि गोंगाटाच्या वर किती डेसिबल शिल्लक आहेत तो. दुसरा आकडा सहाच्या खाली वारंवार उतरत असेल, तर संगणक फॉरमॅट करून काही उपयोग नसे. लाइनमनला बोलावून खांबावरचा जॉइंट उघडायला लावणं, गंजलेलं टोक कापून तार नव्याने पिळून घेणं, हाच इलाज होता.