गंजिफा : आंबोली घाटाखालचे गोल पत्ते

गणपतीत रात्र जागवायला आपल्याकडे बदाम सात नाहीतर रमीचा डाव बसतो. हे बावन्न पत्ते विलायतेतून आले. त्याआधी आपल्या मुलखात गंजिफाचा खेळ होता. त्याचे नावाजलेले कारागीर बेळगावपासून फार लांब नव्हते. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी. तिथले चितारी हे पत्ते हाताने बनवत.

गंजिफाचा पत्ता गोल असतो. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापून रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, राणी नाही. डाव तिघांचा, प्रत्येकाला ४० पाने. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का. कुठली पाने पडून गेली हे ध्यानात ठेवणाराच जिंकणार!

पण एक संच रंगवायला चिताऱ्याचे कितीतरी दिवस जात. तिकडे इंग्लंडमधील दे ला रू आणि बेल्जियममधील टर्नहाउट गावचे कारखाने यंत्रावर पत्ते छापत. दे ला रूने १९२२ मध्ये गुडॉल हा मोठा प्रतिस्पर्धीही विकत घेतला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशा स्वस्त छापील पत्त्यांपुढे हातकामाचा टिकाव लागणे कठीण होते. गिऱ्हाईक गेले, तशी चिताऱ्यांची पुढची पिढीही दुसऱ्या कामाकडे वळली.

१९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा सुरू केले. २०२४ मध्ये सावंतवाडी गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पत्ते वाचले, खेळणारे मात्र उरले नाहीत. आज बहुतेक संच भेट म्हणून घेतले जातात आणि कपाटात राहतात. म्हणून आमची विनंती आहे : घरात जुने गोल पत्ते सापडले तर टाकू नका, आणि आजी-आजोबांना त्यांचा डाव आठवत असेल तर लिहून घ्या. पुढच्या गणपतीत एक रात्र आपण गंजिफा मांडून बसू.