सात कोटी तीस लाख

भारतात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या किंवा कधीकाळी झालेल्या बायका किमान पंचवीस कोटी धरू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी सांगते की त्यांतल्या २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसली आहे. गुणाकार केला की आकडा येतो सात कोटी तीस लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तमिळनाडूची लोकसंख्या ७ कोटी २१ लाख होती, बाया-बाप्ये-पोरं सगळी धरून. या बायकांची नुसती नावं वाचायची ठरवली, सेकंदाला एक, रात्रंदिवस, मध्ये श्वासही न घेता, तरी शेवटचं नाव यायला जवळजवळ दोन वर्षं चार महिने लागतील.

आता पोलिसांचं दप्तर उघडू. २०२२ मध्ये देशभरात ‘पती किंवा नातेवाइकांकडून क्रूरता’ या कलमाखाली सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदवले गेले. म्हणजे दर पावणेचार मिनिटांना एक. वाचून पोटात गोळा येतो. पण वरच्या सात कोटी तीस लाख जणींची एकेकदाच नोंद करायची म्हटली, तर याच गतीनं पाचशेहून जास्त वर्षं लागतील. पानिपतच्या पहिल्या लढाईच्या वर्षी, १५२६ साली, लिहायला बसलेला ठाणे अंमलदार आजही लिहीतच असता. हा हिशेब ढोबळ आहे हे मान्य. एका बाजूला आयुष्यभराचा अनुभव आहे, दुसऱ्या बाजूला एका वर्षाचे गुन्हे. शिवाय त्या कलमात हुंड्यासाठीचा छळ आणि सासरच्यांचा जाचही येतो. तरीही दोन आकड्यांमधली दरी अशा तपशिलांनी बुजत नाही.

ती दरी कशानं भरलेली आहे, तेही सर्वेक्षणानं विचारलंय. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के जणींनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. आईला नाही, बहिणीला नाही, शेजारणीला नाही. सुजलेल्या डोळ्याचं कारण विचारलं तर ‘पाय घसरला’. मग त्यांनी सर्वेक्षणवालीला तरी कसं सांगितलं? त्यामागे नियम आहे. एका घरातून एकाच बाईला हे प्रश्न विचारायचे, तेही पूर्ण एकांतात. एकांत मिळाला नाही तर विचारायचेच नाहीत. सत्तर हजारांहून अधिक बायकांशी हे बोलणं अशा बंद दाराआड झालं. ज्यांना घरात तेवढाही एकांत मिळाला नाही, त्यांचं उत्तर या २९.३ मध्ये नाही.

शिक्षणाचा भाग इथून सुरू होतो, आणि सुरुवात आशादायक आहे. कधीच शाळेत न गेलेल्या बायकांपैकी ४० टक्के जणींनी शारीरिक हिंसा अनुभवली होती. बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांमध्ये हे प्रमाण १८ टक्के. निम्म्याहून कमी. एवढा फरक पाडणारं औषध बाजारात आलं असतं, तर सरकारनं ते घरोघर वाटलं असतं.

पण बारावी झालेली मुलगी बहुतेकदा जरा बऱ्या स्थितीतल्या घरातली असते, गावात नाही तर शहरात राहते, तिचं लग्न उशिरा होतं. मग हिंसा कमी झाली ती शाळेमुळे की पैशामुळे? हे वेगळं काढायला एक योगायोग लागतो: एकाच गावातल्या, एकाच परिस्थितीतल्या दोन मुली, आणि कायद्यानं त्यांतल्या एकीलाच जास्त शाळा मिळालेली. पेरूमध्ये तसं घडलं. तिथे १९९३ मध्ये सक्तीचं शिक्षण प्राथमिकवरून वाढवून माध्यमिकपर्यंत नेलं. हा तोच देश, जिथल्या एका प्रांतात जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या दहा देशांच्या अभ्यासात ६१ टक्के बायकांनी जोडीदाराची मारहाण सांगितली होती. सगळ्या ठिकाणांत सर्वाधिक. नवा कायदा लागू होणाऱ्या वयाच्या सीमेच्या थोड्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलींची तुलना ॲबिगेल वाइट्झमन या संशोधिकेनं केली. ज्यांना जास्त शाळा मिळाली, त्यांच्या वाट्याला मानसिक, शारीरिक आणि लैंगिक, तिन्ही प्रकारची हिंसा कमी आली. म्हणजे शाळा खरोखर काहीतरी करते. एकेक इयत्ता पुढे सरकते तसं लग्न पुढे ढकललं जातं, आणि नवरा निवडताना मुलीच्या मताला थोडं वजन येतं.

इथेच थांबता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तुर्कस्ताननं १९९७ मध्ये सक्तीचं शिक्षण पाच वर्षांवरून आठ वर्षं केलं, आणि बिल्गे एर्टेन व पिनार केस्किन यांनी त्याचा परिणाम तसाच तपासला. खेड्यातून आलेल्या मुली जास्त शिकल्या, त्यांतल्या जास्त जणी कमावू लागल्या. मारहाण कमी झाली नाही. उलट टोमणे, धमक्या, अपमान वाढले आणि तिच्या पैशावर नवऱ्याचा ताबा वाढला. तिच्या हाती पगार आला, तसा त्या पगारावर डोळा आला. भारतातल्या आकड्यांवरून वाइट्झमन यांनीच २०१४ मध्ये दाखवलं होतं की नवऱ्यापेक्षा जास्त शिकलेल्या किंवा जास्त कमावणाऱ्या बायकांना वारंवार आणि गंभीर हिंसेचा धोका अधिक असतो.

आपल्या राज्याचे आकडे मला जास्त अस्वस्थ करतात. याच सर्वेक्षणाच्या आधीच्या आणि २०१९-२१ च्या फेरीच्या मधल्या चार-पाच वर्षांत महाराष्ट्रात दहा किंवा जास्त वर्षं शाळा शिकलेल्या बायका ४२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेल्या. याच काळात नवऱ्याची हिंसा सांगणाऱ्या बायका साधारण २१ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेल्या. शेजारच्या कर्नाटकात तर २०.६ वरून ४४.४. एक शक्यता अशी की शिकलेली बाई मारहाणीला मारहाण म्हणते, ‘संसारात चालायचंच’ म्हणत नाही, म्हणून आकडा फुगला. ते थोडंफार खरं असेलही. पण कर्नाटकातली दुपटीहून मोठी उडी केवळ बोलण्याच्या धैर्यानं झाली, हे मला पटत नाही.

सर्वेक्षणाच्या त्याच तक्त्यांमध्ये आणखी दोन तुलना आहेत आणि त्यांची चर्चा फार कमी होते. नवरा कधीच शाळेत गेला नसेल तर ४३ टक्के बायकांनी शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक हिंसा सोसलेली आहे. तो बारावीपर्यंत किंवा पुढे शिकलेला असेल तर २१ टक्के. आणि नवरा वारंवार दारू पिऊन येत असेल तर ७० टक्के, अजिबात पीत नसेल तर २३. बाईच्या शाळेनं जेवढा फरक पडतो, तेवढाच जवळजवळ नवऱ्याच्या शाळेनं पडतो, आणि बाटलीनं त्याहून मोठा. तरी आपल्या सगळ्या घोषणा मुलीला उद्देशून आहेत: शिक, उभी राहा, सक्षम हो. जणू मार खाणं थांबवायची जबाबदारी मार खाणारीचीच. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. देशातल्या ४४ टक्के पुरुषांना सर्वेक्षणातल्या सात कारणांपैकी किमान एका कारणासाठी बायकोला मारणं योग्य वाटतं. बायकांमध्ये हे प्रमाण ४५ टक्के आहे, आणि त्यांच्या उत्तरांत सर्वांत वरचं कारण ‘सासरच्यांचा मान न राखणं’. ज्या घरात दोघेही हेच ऐकत वाढले, तिथे तिच्या एकटीच्या बारावीच्या गुणपत्रिकेनं किती भार पेलायचा?

समजा, देशातला प्रत्येक नवरा उद्या बारावी झाला आणि २१ टक्क्यांचं प्रमाण सगळीकडे लागू झालं. तिन्हींपैकी कोणत्याही प्रकारच्या हिंसेचं देशातलं २०१९-२१ मधलं प्रमाण ३२ टक्के, म्हणजे आठ कोटी बायका. त्यांतल्या पावणेतीन कोटी सुटतील. सव्वापाच कोटी तरीही उरतील.

आणि सध्याची गती? २००५-०६ मध्ये नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सांगणाऱ्या बायका ३७ टक्क्यांच्या आसपास होत्या. चौदा-पंधरा वर्षांत त्या २९.३ वर आल्या. याच वेगानं घसरण चालू राहिली, मध्ये एकही राज्य कर्नाटकासारखं उलटं गेलं नाही, तर शून्यावर यायला आणखी पन्नासहून अधिक वर्षं हवीत. हे सर्वेक्षण चालू असताना जन्मलेली मुलगी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असेल, म्हणजे हे प्रश्न ज्या वयापर्यंतच्या बायकांना विचारले जातात, त्या वयाच्याही पुढे गेलेली.