आभासी चलनाची ओळख – भाग ६ : नाण्यातला उपयुक्त साठा

उजनी धरण शंभर टक्के भरले म्हणजे नेमके काय भरले, हे काठावरच्या कुगाव, केत्तूर, वाशिंबे किंवा पळसदेवच्या माणसाला सांगावे लागत नाही. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, आणि टक्के मोजायचे ते वरच्या ५३ टीएमसी उपयुक्त साठ्याचे. म्हणून उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जाते, तरी पात्रात पाणी दिसत असते. ते उपयुक्त साठ्यात मात्र धरले जात नाही. छोट्या आभासी नाण्यांचा हिशेबही असाच मांडायला हवा. प्रत्यक्षात लोकांना मृतसाठ्यासकट एकूण आकडाच दाखवला जातो.

तो आकडा म्हणजे ‘मार्केट कॅप’, बाजारमूल्य. चलनातल्या नाण्यांची संख्या गुणिले शेवटच्या व्यवहाराचा भाव, एवढेच त्याचे गणित. समजा, एका नाण्याचे १ कोटी नग आहेत आणि शेवटचा नग १० रुपयांना विकला गेला. बाजारमूल्य झाले १० कोटी. आता एक्स्चेंजवर ऑर्डर बुक, म्हणजे कोण किती भावाला घ्यायला तयार आहे ती यादी, उघडून बघा. १० रुपयांना घेणारे एकूण २० हजारांचे आहेत, ९ ला आणखी ३० हजारांचे, त्याखाली शुकशुकाट. तुमच्याकडे ५ लाखांची नाणी असतील, तर पहिले ५० हजार सुटतात आणि पुढे भाव कोसळतो. १० कोटींच्या त्या आकड्यातला उपयुक्त साठा ५० हजारांचा होता.

मागच्या भागात बिटकॉइन पाहिले. त्याला जगभर गिऱ्हाईक आहे. छोट्या नाण्यामागे बहुधा इंटरनेटवर जमलेला एक समुदाय असतो, आणि त्याचा घेणारा म्हणजे तोच समुदाय. तो कसा आहे, यावर सगळे ठरते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण डोजकॉइन. डिसेंबर २०१३ मध्ये बिली मार्कस आणि जॅक्सन पामर या दोघांनी ते थट्टा म्हणून सुरू केले; नाण्यावर शिबा इनू जातीच्या कुत्र्याचे चित्र. सुरुवातीला एका नाण्याची किंमत सेंटच्याही अंशात होती, त्यामुळे लोक ती एकमेकांना बक्षिसासारखी वाटू लागले. या वाटण्यातून समुदाय उभा राहिला. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकसाठी या समुदायातल्या लोकांनी जमैकाच्या बॉबस्ले संघाला पैसे जमवून दिले आणि आपल्या शिव केशवन या खेळाडूसाठीही वर्गणी काढली. त्याच वर्षी केनियातल्या ताना नदीच्या खोऱ्यात पिण्याच्या पाण्यासाठी सुमारे ३० हजार डॉलर उभे केले. हे मला मनापासून मोलाचे वाटते. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी थट्टेतल्या नाण्यातून दूरच्या गावांना पाणी दिले.

पण चांगुलपणाने नाणे सुरक्षित होत नाही. व्यवहारांची नोंदवही राखणाऱ्या संगणकांना, म्हणजे मायनरना, नवी नाणी मजुरी म्हणून मिळतात. डोजकॉइनमध्ये ही मजुरी काही महिन्यांतच निम्म्या-निम्म्याने घटत गेली आणि मायनर निघून जाऊ लागले. राखणदार कमी झाले की कोणीही निम्म्याहून जास्त ताकद गोळा करून नोंदी फिरवू शकतो. छोट्या नाण्याचा हा जन्मजात धोका आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये डोजकॉइनने आपले मायनिंग लाइटकॉइन या दुसऱ्या नाण्याला जोडून घेतले आणि ते वाचले. पुढे दर मिनिटाला १० हजार, म्हणजे वर्षाला सुमारे ५२५ कोटी नवी नाणी, हा दर कायमचा ठरला. तो कोणालाही तपासता येतो.

आणि पुढे डोजकॉइन खूप मोठे झाले, तरी काय झाले? मे २०२१ मध्ये भाव ७० सेंटच्या वर गेला, दीड महिन्यात २० सेंटच्या आसपास आला. सगळ्यांनी एकदमच विकायला काढले होते.

महाराष्ट्राला पोळवणारे नाणे मात्र वेगळ्या जातीचे होते. ‘गेनबिटकॉइन’ योजना २०१५ मध्ये आली. बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परत घ्या, आणि साखळीत माणसे जोडा. म्हणजे एका बिटकॉइनचे १.८ बिटकॉइन. २०१७ मध्ये बिटकॉइनचा भाव अनेक पटींनी वाढला. नव्या सभासदाला ते महाग झाले, आणि जुन्यांना परतावा मात्र बिटकॉइनमध्येच द्यायचा होता. योजना कोसळू लागली, तेव्हा परतावा ‘एमकॅप’ नावाच्या घरच्या नाण्यात सुरू झाला. त्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने फारच कमी होती. सूत्रधार म्हणून आरोप असलेल्या अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२ मध्ये तो वारला. तपास आता सीबीआयकडे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छापे पडले, त्यात पुणे, नांदेड आणि कोल्हापूरही होते.

डोजकॉइन घेणाऱ्याला कोणी परताव्याचे वचन दिले नव्हते. एमकॅप मिळालेल्यांना ते आधीच दिलेले होते आणि ते फेडण्यासाठीच नाणे पुढे आले. हा फरक लक्षात ठेवा.

आपल्याकडे ऊसबिलाची मोठी रक्कम जमा होते, कंदरच्या केळीचे पैसे एका हप्त्यात येतात. अशा वेळी ओळखीचा माणूस व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतो आणि नव्या नाण्याचे सांगतो. त्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. बहुतेकदा त्याचेही पैसे अडकलेले असतात. त्याला इतकेच म्हणा : आज माझ्यासमोर ५ हजारांची नाणी विक आणि पैसे तुझ्या बँक खात्यात आलेले दाखव. अॅपवरचा आकडा नको, खात्यातली नोंद हवी. नाणे फक्त योजनेच्याच अॅपवर विकता येत असेल, तर उपयुक्त साठा शून्य समजा.

खरोखर नफा झाला, तर एप्रिल २०२२ पासून त्यावर सरळ ३० टक्के कर आहे, आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी या नफ्याला ती सवलत नाही.

फसवणूक झालीच, तर त्याच दिवशी सायबर हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. व्यवहाराचे स्क्रीनशॉट काढल्याशिवाय ग्रुप सोडू नका.

(पुढील आठवड्यात : नाणी ठेवायची कुठे? वॉलेट आणि त्याची किल्ली)