मेरुदंडातील उपकरणांची आकृती व त्यांचे बळ

पोलिओमुळे ज्यांचा कणा वाकडा झाला अशा मुलांसाठी ह्यूस्टन येथील शल्यचिकित्सक पॉल हॅरिंग्टन यांनी एक पोलादी सळई योजिली व १९६२ साली तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. सळईच्या दोन्ही टोकांशी आकडे असत. वरच्या टोकाकडे ओळीने खाचा कातलेल्या असत. वरचा आकडा एकेक खाच पुढे सरकवून कणा ताणता येई. परंतु ज्या खाचांनी हे साधले त्याच सळईला घातक ठरल्या. मणके एकमेकांशी सांधले गेले नाहीत, तर सळई कालांतराने मोडे. आणि पुष्कळदा मोडे ती गुळगुळीत भाग संपून पहिली खाच लागते तेथेच. धातू सर्वत्र एकच होता, भेद केवळ आकृतीचा. जाडी एकाएकी बदलते तेथे ताण एकवटतो, सूक्ष्म तडा पडतो आणि रोजच्या हालचालींनी तो वाढत जातो.

व्यवहारातील ‘मजबूत’ हा शब्द येथे फसवा आहे. ताठरपणा, बळ आणि वारंवार वाकूनही न मोडण्याची क्षमता असे तीन वेगळे गुण त्यात एकत्र कोंबले जातात. भरीव गोल सळईचा ताठरपणा व्यासाच्या चतुर्थ घाताप्रमाणे वाढतो, वाकताना टिकण्याचे बळ घनाप्रमाणे. व्यास ५.५ ऐवजी ६.३५ मि.मी. घेतल्यास बळ सुमारे दीडपट होते, तर ताठरपणा पावणेदोनपटींहून किंचित अधिक. अति ताठर सळई स्वतः वाकत नाही. पण तो भार मग स्क्रू आणि हाड यांच्या सांध्यावर पडतो.

स्क्रूची अडचण अधिक बिकट आहे. मणक्याची मागची कमान व पुढचा घड यांना जोडणाऱ्या अरुंद अस्थिसेतूतून तो जातो, म्हणून त्याची बाहेरची जाडी मर्यादेबाहेर वाढविता येत नाही. आटे खोल कातले तर हाडाची पकड वाढते, पण गाभा बारीक होतो. गाभा ४ मि.मी.चा ३.५ मि.मी. केला की वाकताना टिकण्याचे बळ एकतृतीयांशाने घटते. यावर तोड म्हणून डोक्याकडे जाड व टोकाकडे निमुळता होत जाणारा गाभा वापरतात. कारण वाकविणारा भार मुख्यतः डोक्यापाशी असतो.

दोन मणक्यांमध्ये बसविण्याच्या पिंजऱ्याचे गणित निराळे. मणक्याचा पृष्ठभाग कडेला भक्कम, मध्याशी दुबळा असतो. केवळ मध्यभागी टेकणारा अरुंद पिंजरा स्वतः अभंग राहूनही हाडात रुतू शकतो.